आई नगरला गेली त्याची गोष्ट

फेब्रुवारी सरत आला की माझ्या मानेला खाज सुटते. खरं तर आता सुटायचं काही कारण नाही. तीन वर्षांपूर्वी माझी बदली संगमनेरकडे झाली. इथे शाळेच्या चारही अंगांना ऊस, मका आणि गाईंसाठी लावलेला हिरवागार घास. ज्वारी औषधालाही दिसत नाही. पण परवा शाळेत येताना माझ्या स्कूटरपुढे कडब्याने भरलेला एक टेम्पो चालला होता. पूर्वेकडून आला असणार. त्यातून उडणारं बारीक तूस येऊन मानेवर बसलं, आणि पाठोपाठ तो वास आला, कोरडा, गोडसर, उन्हात तापलेल्या धुळीचा. मी स्कूटर बाजूला घेतली आणि टेम्पो दिसेनासा होईपर्यंत उगीच उभी राहिले.

त्याच दुपारी ग्रुपवर केंद्रप्रमुखांचा मेसेज आला. शाळेच्या ग्रंथालयातून मुलांना वाचन-लेखनाची गोडी कशी लावली, याची यशोगाथा दोनशे शब्दांत पाठवा, सोबत दोन फोटो. मी लगेच लिहायला बसले. 'आमच्या शाळेत' एवढं लिहून थांबले, ते पुसलं, पुन्हा लिहिलं. माझ्याजवळ एकच गोष्ट आहे, आणि ती यशाची की कशाची, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तेव्हा मी नगरहून पाथर्डीकडे जाताना आत वळणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहान गावात शिकवत होते. दोन खोल्या, दोन शिक्षक, पुढे लांब ओटा. दिवाळीनंतर काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जायची आणि पट निम्म्यावर यायचा. जी मागे उरायची ती ज्वारीच्या काढणीत अर्धी शाळेत आणि अर्धी रानात असायची. शाळेत पुस्तकं होती. चांगली दोनशेच्या वर होती, पण लोखंडी कपाटात, कुलपात. किल्ली मुख्याध्यापक सरांकडे.

"पुस्तकं फाटली तर तपासणीला काय दाखवायचं, मॅडम?" सर म्हणायचे.

"वाचलेली पुस्तकं दाखवू, सर."

सर भले माणूस होते. महिनाभर मी त्यांच्या मागे लागले, तेव्हा त्यांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर." मी ओट्याच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत नायलॉनची दोरी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं लावली. वारा आला की सगळी ओळ फडफडायची. मुलं येता-जाता मान वर करून बघायची, मग हात वर करून काढायची, मग माझ्या वहीत नाव नोंदवून घरी न्यायची. परत आलेलं पुस्तक मी झटकायचे, तेव्हा त्यातून काय काय पडायचं! ज्वारीचे दाणे, शेंगदाण्याचं टरफल, एकदा कुणाच्या तरी आईची टिकली.

माझ्या डोक्यात मग पुढचं खूळ आलं. मुलांनी स्वतः लिहिलेली पुस्तकंही दोरीवर लागली पाहिजेत. कोरे कागद मधोमध दुमडायचे, दोऱ्याने शिवायचे, जुन्या कॅलेंडरचं पान वरून चिकटवायचं. पहिल्या आठवड्यात सात पुस्तकं झाली आणि सातही राजाची होती. राजाला दोन राण्या. ह्या मुलांनी आयुष्यात राजा कुठे पाहिलाय, म्हणून मी वर्गात म्हणाले, "जे डोळ्यांनी बघितलं ते लिहा. नाहीतर मनाने रचून लिहा."

चौथीतली ईश्वरी उठून उभी राहिली. दोन घट्ट वेण्या, तेलाने चमकणारं कपाळ, लिहिताना जिभेचं टोक दातात धरायची सवय. तिने विचारलं, "मॅडम, दोन्ही मिसळलं तर चालंल का?"

"चालेल काय, पळेल!" मी म्हणाले.

त्या एका शब्दावर मी नंतर किती रात्री घालवल्या, ते माझं मला माहीत.

ईश्वरीचं पुस्तक आठ पानांचं झालं. नाव 'आईची सुट्टी'. गोष्ट अशी होती. ज्वारी उपटायचे दिवस आहेत. आई सकाळपासून एकटीच रानात वाकलेली आहे. तळहाताला फोड आलेत म्हणून तिने फडकं गुंडाळलंय. दुपारी ती सरळ उभी राहते, फडकं सोडते, बांधावर घडी करून ठेवते आणि चालत फाट्यावर जाऊन एसटीत बसते. कुणालाच सांगत नाही. नगरला उतरते. स्टँडवर बाकावर बसून भेळ खाते. तिथे तिला कुणी हाक मारत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या ती मोठ्याने वाचते, कारण तिला वाचता येतं हे स्टँडवरच्या लोकांना माहीत नसतं. संध्याकाळी परत येते, तर चिमण्यांनी सगळी ज्वारी उपटून ठेवलेली असते. ज्वारीच्या एकेका ताटाला वीस-वीस चिमण्या लागल्या होत्या. आई फडकं उचलते आणि घरी जाऊन भाकरी टाकते. एवढंच.

वाचून मी खुर्चीतच बसून राहिले. नऊ वर्षांच्या मुलीने हे कुठून आणलं? मी सरांना वाचून दाखवलं. सर म्हणाले, "पोरीचं अक्षर चांगलंय." मी ते पुस्तक दोरीच्या अगदी मध्यावर लावलं आणि त्याचा फोटो काढला. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. यशोगाथेला हव्या असलेल्या दोन फोटोंपैकी एक.

पुस्तक आठवडाभर दोरीवर टिकलंच नाही. आज ह्या घरी, उद्या त्या घरी. मुलं ते अंगणात मोठ्याने वाचायची, आज्या ऐकायच्या. पारावर पोचलं, दूध डेअरीच्या रांगेत पोचलं. मी मनातून फुलून गेले होते. आपल्या शाळेतलं, आपल्या मुलीने लिहिलेलं पुस्तक सगळं गाव वाचतंय, याहून काय हवं!

मग एके सकाळी ईश्वरीचे वडील आले. मोटारसायकलला दुधाच्या किटल्या लावलेल्या, अंगावर धुतलेला पण न इस्त्री केलेला शर्ट. चपला ओट्याखाली काढल्या. मी खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"मॅडम, तुमच्यावर राग न्हाई," ते म्हणाले. "पन ते पुस्तक मला द्या."

"काय झालं, दादा?"

"नळावर बाया पोरीच्या आईला इचारत्यात, नगरची भेळ कशी हुती म्हनून. पयल्यांदा हसन्यावारी नेलं. पन तिसऱ्या दिशी माझ्या आईला आठवलं. काढनीच्या टायमाला एक दिवस आमचे वडील पानी घिऊन रानात गेल्ते, तर ही जाग्यावर न्हवती. फडकं बांधावर. तवा कुनी काय बोललं न्हाई. आता म्हनत्यात, पोरीनं बघितल्याबिगर लिवलं का?"

"अहो, ती गोष्ट आहे. चिमण्यांनी ज्वारी उपटली असंही लिहिलंय तिने."

"त्ये मला कळतंय. आईला कोन सांगनार?" त्यांनी दोरीकडे बघितलं. "पोरीला लिवू द्या. मी नको म्हनत न्हाई. पन दुसऱ्याच्या घरचं लिवायला सांगा."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, आज मला ते एकामागून एक सुचतं. पण त्यांचा आवाज इतका खाली होता, की भांडायला जागाच नव्हती. ते ओरडले असते तर मी नक्की पुस्तक दिलं नसतं. मी उठले, चिमटा काढला आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते शर्टाच्या आत सरकवलं.

"पोरीला सांगू नका मी नेलंय म्हनून. लेकरू हाय, हिरमुसंल."

आणि मी मान डोलावली. मला वाटलं, ह्यात शहाणपणा आहे.

दुपारी ईश्वरीने दोरी दोनदा तपासली. "मॅडम, माझं पुस्तक कुनी नेलं?"

"नेलंय एकाने वाचायला."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. "अजून वाचत्यात? आठच तर पानं हायेत."

"परत परत वाचत असतील."

तिचा चेहरा असा उजळला, की मी फळ्याकडे तोंड केलं आणि उगीच तारीख पुसून पुन्हा लिहिली. आपलं पुस्तक कुणीतरी पुन्हापुन्हा वाचतंय, परत द्यावंसं त्याला वाटत नाही! ती घंटा झाल्यावर उड्या मारत घरी गेली. मी एका लहान मुलीला, तिच्याच बापाच्या विनंतीवरून, तिला सुखी करणारी थाप मारत होते. ह्यात मी कुणाची बाजू घेतली, हे आजही नीट सांगता येत नाही.

त्या दिवसांत गावभर मळणीयंत्रं चालू होती. घरघर दुपारभर शाळेत ऐकू यायची, आणि हवेत तूस इतकं असायचं, की फळ्यावर बोट फिरवलं तर ओळ उमटायची. मुलं खाजवत-खाजवत वाचायची. मी पाढे घ्यायचे आणि मनात दुसरंच काही चालू असायचं. त्या घरात आता काय बोलणं होत असेल? मी मुलांना लिहा म्हणाले, तेव्हा लिहिलेलं कोण वाचणार याचा विचार केला होता का? आणि तो विचार आधी केला, तर कुणी कधी काही लिहील का?

पंधरा दिवसांनी, शाळा सुटता सुटता, एक बाई ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. साडीचा पदर कमरेला खोचलेला, केसांत तूस, दोन्ही तळहातांना फडकी. ईश्वरी पळत जाऊन त्यांना चिकटली, म्हणून ओळखलं. पालकसभेला नेहमी तिचे आजोबाच यायचे, आईला मी तोवर जवळून पाहिलं नव्हतं.

"पुस्तकवाल्या मॅडम तुमीच ना?" त्या म्हणाल्या. "हिचं पुस्तक मला वाचायचं हुतं."

माझी नजर दोरीवरच्या रिकाम्या चिमट्याकडे गेली.

"समद्या गावानं वाचलं. मीच न्हाई वाचलं. पोरीनं आनलं त्या दिशी हात मोकळा न्हवता. दुसऱ्या दिशी ते शेजारी गेलं. मग गावलंच न्हाई. मला बोलत्यात सगळी, पन कशावरनं बोलत्यात ते तरी वाचाया पायजे का न्हाई?"

इतके दिवस मी सासूचा विचार केला होता, नवऱ्याचा केला होता, ईश्वरीचा केला होता. हिने ते वाचलंच नसेल, हे मनाला शिवलंही नव्हतं.

"ताई, तुमच्या मालकांनी नेलं ते," मी म्हणाले. "मीच दिलं."

ईश्वरी माझ्याकडे बघत होती. आता ही रडणार, किंवा मला खोटारडी म्हणणार, म्हणून मी अंग आवळून उभी राहिले. ती म्हणाली, "पप्पांनी? म्हंजी इतके दिवस पप्पाच वाचत हुते?"

तिने आईचा पदर ओढला. "आवडलं असंल का गं त्यांना?"

"काय म्हाईत, बाई," आई म्हणाली.

"मी परत लिवते. समदं पाठ हाय मला."

दोन दिवसांत तिने लिहून आणलं. तसंच शिवलेलं, तसंच कॅलेंडरचं पान. शाळा सुटल्यावर तिची आई आली आणि ओट्यावर बसली. हाताचं फडकं सोडलं आणि ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द पुटपुटत, वाचू लागली. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. पहिलं पान तेच होतं. दुसऱ्या पानावर आई बांधावर उभी राहिली, आणि मग घरी गेली. 'आईने आजीला विचारले, मी नगरला जाऊ का? आजी म्हणाली, जा बाळा. मग पप्पांनी आईला गाडीवरून स्टँडवर सोडले.' पुढे आईने भेळ खाल्ली नाही, बांधून घरी आणली. चार वाजता ती परत आली आणि तिने राहिलेली ज्वारी उपटली. चिमण्या कुठेच नव्हत्या.

एकही चूक नव्हती. पहिल्या पुस्तकात मी सहा चुका काढल्या होत्या, ह्यात एकही नाही.

हे तिला कुणी सांगितलं होतं का? मी नंतर विचारलं. कुणी नाही, म्हणाली. मग हे शहाणपण म्हणायचं की काय म्हणायचं? लिहिणाऱ्याने आपल्या माणसांना सांभाळायला शिकणं ही वाढ आहे, असं मी कधी कधी स्वतःला पटवते. कधी कधी अजिबात पटत नाही. गेल्या वर्षी तिच्या हायस्कूलच्या शिक्षिकेने मला एक फोटो पाठवला. ईश्वरीला निबंध स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं, विषय 'माझी आई'. त्यातली आई पहाटे उठते आणि कधीच थकत नाही. मी 'खूप खूप अभिनंदन' असं लिहून पाठवलं आणि फोन उपडा ठेवला.

तर त्या दिवशी ओट्यावर. आईने शेवटचं पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे बघितलं.

"असंच हुतं का पयलं?"

मी ईश्वरीकडे पाहिलं. ती जमिनीवर अंगठ्याने रेघ ओढत होती.

"नाही," मी म्हणाले.

"मग मला पयलं सांगा."

मी सांगायला लागले. फडक्याची घडी, फाटा, एसटी. मी चुकले की ईश्वरी खालच्या मानेने दुरुस्त करायची. "नुसत्या बाकावर न्हाई मॅडम, एसटीतल्या खिडकीच्या कडंच्या बाकावर." हळूहळू तीच सांगायला लागली आणि मी ऐकायला लागले. पाट्यांपाशी आली तेव्हा उभीच राहिली आणि गावांची नावं मोठ्याने म्हणाली, शेवगाव, संगमनेर, पाथर्डी, शनिशिंगणापूर. आई टक लावून ऐकत होती. चिमण्यांपाशी आल्यावर मात्र तिने अडवलं.

"एकबी दाना खाल्ला न्हाई चिमन्यांनी?"

ईश्वरीने विचार केला. "खाल्ला. पन थोडा."

"मग खरं," आई म्हणाली, आणि हसली. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "ह्ये बरं हुतं. पयलंच बरं हुतं."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "ताई, त्या दिवशी तुम्ही कुठे गेला होता?"

"कुटं जाती? बांधाच्या खाली लिंबाच्या सावलीला जरा टेकले, तर डोळा लागला. पानी घिऊन आलेल्या मामांना, सासऱ्यांना, वरनं दिसले न्हाई." त्यांनी फडकं पुन्हा हाताला गुंडाळायला घेतलं. "सांगितलं की घरी. कुनाला खरं वाटंना. पोरीनं लिवलेलं मातर समद्यांना खरं वाटलं."

लिहिलेल्या शब्दात जोर असतो, असं मी मुलांना फळ्यावर लिहून देत असे.

जाता जाता त्या दोरीपाशी थांबल्या. "मोठ्या मानसाला नेता येतं का ह्यातलं?"

"येतं की. कोणतं हवं?"

"कंचंबी. बाईमानूस कुटंतरी जातंय, असलं द्या."

मी दोरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. कपाट उघडलं, सगळे कप्पे पाहिले. राजे होते, त्यांचे प्रधान होते, समुद्रावर जाणारी मुलं होती, चंद्रावर जाणारा ससा होता. आया होत्या त्या चुलीपुढे नाहीतर दारात वाट बघत. दोनशे पुस्तकं मी स्वतःच्या हाताने लावली होती आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. शेवटी एक पातळ पुस्तक सापडलं. दावं तोडून डोंगरावर गेलेली शेळी. मी ओशाळून ते पुढे केलं. वहीत नोंद केली नाही. आधीच एवढं झालेलं, उगीच कुणाच्या डोळ्यावर नको.

आठ दिवसांनी त्या पुस्तक घेऊन आल्या. काढणी संपली होती, हाताला फडकी नव्हती.

"कसं वाटलं?"

"चांगलं हाय. पन ती शेळी माघारी का आली? तिला तितं पानी हुतं, पाला हुता. का आली ते लिवलंच न्हाई."

"मलाही माहीत नाही," मी म्हणाले. ते अगदी खरं होतं.

त्यांनी स्वतःच चिमटा काढून दुसरं पुस्तक निवडलं. मी 'घेऊन जा' म्हणाले, तरी हलेनात. ईश्वरीच्या दोन मैत्रिणी आपापली पुस्तकं घेऊन वहीपाशी उभ्या होत्या, त्यांच्या मागे त्या रांगेत लागल्या.

"माझं नाव लिवा की, मॅडम. मागल्या टायमाला लिवलं न्हाई तुमी. चोरून नेल्यावानी वाटलं मला."

"कुणी बघितलं तर चालेल ना, ताई?"

"बघू द्या."

मी वही पुढे ओढली. तारीख लिहिली, पुस्तकाचं नाव लिहिलं. त्यांनी नाव सांगितलं, सविता, आणि पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव. पुढचा रकाना इयत्तेचा होता. तिथे काय लिहावं ते कळेना, म्हणून पेन तसंच धरून मी बसले.

त्यांनी वाकून वहीत पाहिलं, रकान्याचं नाव सावकाश वाचलं.

"चौथी लिवा," त्या म्हणाल्या. "तितंच थांबले हुते मी."